जमादाराच्या खांद्यावरची हळद

आमच्या सासूबाईंचा माझ्यावर विश्वास नाही. शुभमवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, त्यांच्या पोटच्या पोरावरही नाही. गॅसची टाकी आणणाऱ्यावर नाही, एसटीच्या कंडक्टरवर नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंवर तर मुळीच नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी त्या आधी मेडिकलवाल्याला दाखवतात, मेडिकलवाला काय म्हणाला ते मला येऊन सांगतात, मी काय म्हणते ते नीट ऐकून घेतात आणि गोळी फडताळात ठेवून देतात. "तुमी सारे मिरून आहा," म्हणतात. मिळून असायला मी त्या मेडिकलवाल्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

मी गोंदियाची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, अशी वाढलेली पोरगी. लग्न होऊन केशोरीला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. वरणात मीठ टाकत होते, मागे वळून बघते तर ही बाई माझ्या पाठीशी उभी. मी मीठच टाकते की आणखी काही टाकते, ते बघत होत्या. मीही काही गोगलगाय नाही. म्हटलं, "आई, घ्या ना, चाखून बघा."

तर म्हणाल्या, "पयले तू चाख."

तिथून आमचा संसार सुरू झाला.

मनकर्णाबाई त्यांचं नाव. उंच, हाडकुळ्या, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डोळे असे की दोरीवर वाळत घातलेलं फडकं जरा सरकलं तरी ह्यांना कळणार. माझे सासरे लग्नाआधीच वारले, त्यामुळे घरातली हुकूमत एकटीची. वाईट बाई नाही हो. माझ्या अंगावर कधी ओरडल्या नाहीत, खायला-प्यायला कधी कमी केलं नाही. फक्त जगात कोणी सरळ असेल असं त्यांना वाटत नाही. कोणी दारात येऊन "बऱ्या आहा का?" असं विचारलं, तर तो गेल्यावर म्हणणार, "याले माह्या बरेपनाचं का करायचं आहे?"

अशा बाईचा या पृथ्वीवर एकावर मात्र डोळे मिटून विश्वास. जमादारावर. जमादार आमचा कुत्रा.

तो आला तोही संशयातच. माझं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. रोवणीचा मोसम, बाया धानाची रोपं लावायला बांध्यांमध्ये गेलेल्या. आम्ही संध्याकाळी चिखलानं भरलेल्या पायांनी घरी आलो, तर ओसरीतल्या खाटेखाली एक भुरं पिल्लू कुडकुडत बसलेलं. झालं! "कोनतरी मुद्दाम आनून टाकलं. आपल्या घरचं खानं कमी व्हावं म्हनून." पिल्लू उचललं आणि शेजारच्या धुरपताबाईच्या अंगणात नेऊन ठेवलं. ते परत आलं. बसस्टँडवर नेऊन सोडलं. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याला डोकं टेकून झोपलेलं. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. मग आत गेल्या आणि वाटीत भाताची पेज घेऊन आल्या. "पोटासाठी आलं दिसते," म्हणाल्या. "कोनी पाठवलं नसंन." कुणाबद्दल इतकं चांगलं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

जरा मोठा झाल्यावर तो दारात येणाऱ्या प्रत्येकावर भुंकायला लागला. पोस्टमनवर, धुरपताबाईवर, एकदा तर नवा शर्ट घातला म्हणून शुभमवर. "चौकशी करते," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "जमादारच हाये हा!" तेच नाव पडलं.

काय सांगू, त्या दोघांचं बघत बसावं. सकाळी शेतावर जाताना हा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पुढे, त्या मागे. साप दिसला की हा थांबणार, हा थांबला की त्या थांबणार. दुपारी उन्हात बसून त्याच्या कानातल्या गोचिडी काढणार, आणि तो डोळे मिटून मान टाकून देणार, राजासारखा. संध्याकाळी ओट्यावर बसून दिवसभराचे सगळे संशय त्याच्या कानात. कोणी नजर चुकवली, कोणी हसून बोललं, कोण उगाच दारावरून गेलं. तो कान टवकारून ऐकायचा आणि मधेच जिभेनं त्यांची हनुवटी चाटायचा. मग त्या हसायच्या. आमच्या घरात त्या हसण्याचा आवाज फक्त कुत्र्यामुळे यायचा. आणि मला "पयले तू चाख" म्हणणारी ही बाई, आपल्या ताटातला पहिला घास न चाखता त्याला द्यायची. परीक्षा म्हणून नाही हो, प्रेमानं.

मला आधी कुत्र्यांची भीती. गोंदियात एका कुत्र्यानं ट्यूशनच्या रस्त्यावर माझा जीव खाल्ला होता. पण यंदा मला दिवस गेले, उलट्यांनी हैराण झाले, मोरीपाशी बसून राहायचे, तेव्हा शुभम नवेगावबांधला त्याच्या मोबाईलच्या दुकानात आणि सासूबाई शेतावर. माझ्यापाशी कोण? जमादार. काही करायचा नाही. नुसता अंग लावून बसायचा. त्याच्या अंगाची ऊब लागली की बरं वाटायचं. तेव्हापासून तो माझाही झाला, खोटं कशाला बोलू?

आता दुसऱ्या घराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गल्लीच्या पलीकडे, चिंचेखाली, ईश्वरदास काकाजींचं घर. माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. बायको वारलेली, पोरगी लग्न होऊन सासरी, घरात एकटे आणि एक गाय. दोन्ही घरांत हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, पण हाक नाही. माझ्या लग्नात ते मांडवाच्या कडेला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले.

कारण ऐकाल तर हसाल. मीसुद्धा हसले होते. भाऊ वेगळे निघाले तेव्हा जमीन वाटली, भांडी वाटली आणि बैलजोडीही वाटली. राजा थोरल्याला, परधान धाकट्याला. आता एका बैलाचं करायचं काय? नांगराला दोन लागतात. म्हणून चिखलणीच्या दिवसांत दोघे भाऊ आपापला बैल घेऊन यायचे, जोडी जुंपायचे, आज ह्याची बांधी, उद्या त्याची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा दोन्ही बैल एकाच दावणीला. जू ओढून ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं, वरून तांदळाच्या अक्षता टाकायच्या, आणि बैलाच्या कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन म्हणजे निमंत्रण. ह्याला खांदशेकणी म्हणतात. वर्षभर राबलेल्या बैलाला सणाचं जेवायला रीतसर बोलवायचं, तो काही नोकर नाही.

सासरे गेल्यावर काकाजींनी ती रीत मोडली नाही. आपला परधान आणि वहिनीचा राजा जुंपून दोन्ही घरच्या बांध्या ते एकटेच करायचे. आणि ह्या बाई? धुऱ्यावर बसून बघायच्या. बघता बघता त्यांना दिसलं की राजा नेहमी बाहेरच्या अंगाला. वळणावर बाहेरच्या बैलाला जास्त चालावं लागतं, हे काय कोणालाही कळतं. "माह्या बैलाची हाडं झिजवून रायला आन आपला आतून चालवून रायला!" कोणाला विचारलं नाही, बोलल्या नाहीत. पुढच्या बैलबाजारात राजाला विकून मोकळ्या झाल्या.

काकाजी दुसऱ्या दिवशी अंगणात आले. "वैनी, जोडी मोडली तुमी," एवढंच म्हणाले आणि परत गेले. त्यानंतर ह्या उंबऱ्यावर त्यांचं पाऊल नाही. परधान दुसऱ्या कोणत्याच बैलाबरोबर चालेना. खुंट्यापाशी उभा राहून राहून तिथंच मेला. मग गावात ट्रॅक्टर आले आणि बैलांचा विषयच संपला. बोलणं मात्र बंद ते बंदच.

तर यंदा श्रावणात जमादार दुपारचा गायब व्हायला लागला.

मी भांडी घासायला बसले की हा निघाला. चहाच्या वेळेला परत. आला की पाण्यावर तुटून पडायचा, पण भाताकडे ढुंकूनही बघायचा नाही. पोट मात्र टम्म. सासूबाईंनी त्याचं तोंड उघडून वास घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"तूप," म्हणाल्या.

"काय तूप?"

"याच्या तोंडाले तुपाचा वास येऊन रायला. हात दाखव."

बघा आता! सासूनं सुनेचे हात हुंगले. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "आई, तुपाच्या बरणीची किल्ली तुमच्याच कंबरेला आहे ना? मग मी काय जादूनं काढलं?" ते त्यांना पटलं. माझ्यावरचा संशय धुरपताबाईवर गेला, धुरपताबाईवरून दुधवाल्यावर, दुधवाल्यावरून शाळेच्या खिचडीवर. कोणीतरी कुत्र्याला फितवून राहिलं आहे. कशासाठी? घर फोडायचं असेल. आधी कुत्र्याला खाऊ घालायचं, म्हणजे चोरी करताना भुंकणार नाही. जेवताना तेच, झोपताना तेच.

शुभम वैतागून म्हणाला, "आई, त्याच्या मागे जाऊन बघ ना एक दिवस. विषय खतम."

"माह्या जमादाराच्या मांगं मी जाऊ? तो का चोर आहे?"

बघा न्याय! संशय अख्ख्या गावावर, पण कुत्र्यावर नाही. मी एकदा सहज म्हटलं की काकाजींकडे गाय आहे, तूप असेल. तर माझ्याकडे अशा बघितल्या जणू मी खुळी आहे. "तो देईल त विख देईल. तूप नाही देनार."

पोळा आला. आदल्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. दिवेलागणीला जमादार अंगणात शिरला, शेपटी हलवत, मोठ्या खुशीत. मी दिवा लावत होते. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिवळं. तेलकट, चिकट पिवळं, पावसानं पायापर्यंत ओघळलेलं. केसांत तांदळाचे दाणे चिकटलेले. गळ्याखाली हिरव्या पानाचा तुकडा.

"हळद," मी म्हटलं.

"आन तांदूर," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "उद्या अमुशा हाये."

नेमकी त्याच वेळी धुरपताबाई विरजण मागायला आली. विरजणाचं निमित्त, बाईला आमच्या अंगणात काय चाललंय ते बघायचं असतं, एवढं मीसुद्धा सासूबाईंकडून शिकले आहे. कुत्र्याला बघितलं आणि तोंडावर पदर घेऊन मागे सरली. "अगा बापा! करनी केली वो कोनंतरी. हात नोको लावू! अमुशेच्या तोंडावर हळद-तांदूर लावून धाडलं, म्हंजे इडापिडा तुह्या घरात घालाले धाडलं. आन सून पोटुशी हाये तुही."

ते शेवटचं वाक्य बोलायची काही गरज होती का? पण बोलली. आणि सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

शुभम तेवढ्यात गाडी लावून आत आला. "आई, हळद आहे ती. आपण वरणात टाकतो ती. आणि असल्या गोष्टींविरुद्ध कायदा आहे आता." तो हसला, हसायला नको होतं. "कायदा तुले माईत हाये," त्या म्हणाल्या. "करनाऱ्याले माईत हाये का?" धुरपताबाईनं उपायही सांगून टाकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावची रोगराई मारबतीच्या पुतळ्याबरोबर शिवेबाहेर काढतात, त्याच वेळी हे कुत्रंही बाहेर काढायचं. तिच्या पोराची, चुन्नीलालची, पिकअप आहे. जंगलाच्या कडेला दूर सोडून येईल, म्हणजे परत येणार नाही.

जंगलाच्या कडेला बिबट फिरतो. गावात बांधलेलं कुत्रं नेतो तो, तिथं सोडलेलं किती टिकणार? हे धुरपताबाईला माहीत होतं, मला माहीत होतं, सासूबाईंनाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना जमादार बिचारा नेहमीसारखा आला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवायला लागला. त्यांनी पाय मागे घेतला. तो थांबला. पुन्हा पुढे झाला, त्यांनी पुन्हा पाय मागे घेतला. मग तो तिथंच बसला आणि वर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, आपलं काय चुकलं असेल म्हणून. मला रडूच फुटलं. मी म्हटलं, "माझ्या पोटाचं नाव सांगून ह्याला हाकलायचं नाही, आई. सांगून ठेवते. मी माहेरी निघून जाईन."

"जा," त्या म्हणाल्या. "पन लेकरू धड राहू दे." आणि पदरानं डोळे पुसले. मी ह्या बाईला नवऱ्याच्या श्राद्धालाही रडताना बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जमादाराच्या गळ्यात आयुष्यात पहिल्यांदा दोरी पडली.

पोळ्याचा दिवस उजाडला. आमच्या घरी बैल नाही, तरी पुरण होतंच. सासूबाई सकाळपासून चुलीशी. कोणाशी बोलणं नाही. वडे तळले, पुरणपोळ्या केल्या आणि पहिली पोळी, तूप घालून, किल्लीच्या बरणीतलं तूप बरं का, जमादारापुढे ठेवली. हात न लावता, काठीनं पान सरकवलं. "खा," म्हणाल्या. "खा बापा. उद्या कोन देईल?" त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी गूळ कुस्करून घातला. नाही. वडा ठेवला. नाही. भांडी घासायची वेळ झाली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. गल्लीकडे बघून कुईंकुईं करायला लागला, दोरीला हिसडे द्यायला लागला.

आणि दोरी सुटली. आता मला अजून संशय आहे, किल्ल्यांच्या जुडग्याला सात गाठी मारणाऱ्या बाईच्या हातची गाठ अशी सुटते कशी? पण ते मी विचारलं नाही. जमादार बाणासारखा गल्लीत गेला.

"कोन हाये ते पाहातोच आज!" काठी घेऊन त्या मागे पळाल्या. मी पोट सांभाळत त्यांच्या मागे. हाकलायचं ठरल्यावर त्यांना त्याच्या मागे जायला हरकत नव्हती. आता शोधायचा होता तो करणी करणारा.

जमादार चिंचेखालच्या अंगणात शिरला.

सासूबाई फाटकापाशी थबकल्या. मग दात खाऊन म्हणाल्या, "मले वाटलंच होतं." खोटं! अजिबात वाटलं नव्हतं.

आम्ही आत पाऊल टाकलं. गोठ्यासमोर अंगण सारवलेलं. परधानचा खुंटा अजून तिथंच, त्याला आंब्याचा डहाळा बांधलेला. खुंट्यापुढे पळसाच्या दोन पत्रावळी मांडलेल्या, दोन्हींवर पुरणपोळी, वडा, भात. ईश्वरदास काकाजी स्वच्छ बनियन-धोतरात, डोक्यावर टोपी, उकिडवे बसलेले. जमादाराच्या गळ्यात त्यांनी जुनी घुंगरमाळ घातली आणि त्याच्या कानाशी लागून म्हणत होते, "काल आवतन देल्लं होतं ना रे परधान? मंग येवढा उशीर?"

जमादार पहिल्या पत्रावळीवरची पोळी गपागप खात होता. आमच्या पोळीला तोंड न लावलेला हा गृहस्थ!

"का लावलं तू माह्या कुत्र्याले?" सासूबाई गरजल्या.

काकाजी दचकून उठले. इतक्या वर्षांनी वहिनीचा आवाज, तोही हातात काठी घेऊन. मग म्हणाले, "हळद, वैनी. हळद-तूप."

"कायले?"

"खांदशेकनी केली."

"कुत्र्याची?"

"मंग कोनाची करू?" ते म्हणाले. रागानं नाही, साध्या आवाजात. "बैल कोठी हाये?"

खांदशेकणी! कुत्र्याची खांदशेकणी कोणी करतं का, म्हणून ती कोणाच्या डोक्यातच आली नाही. काकाजी खाली बघून बोलत होते. "आपनच आला हा. मी बोलावला नाही, तुमच्या गळ्याची आन. येक दिवस आला आन परधानच्या खुंट्यापाशी जाऊन बसला. तिथं दुसरं कोनी बसत नाही, गाय बी नाही बसत. मी सहज आवाज देल्ला, परधान म्हनून. आला. मंग रोज येऊन रायला. येकट्याले जेवन जात नाही, वैनी. हा समोर असला का दोन घास जाते."

सासूबाईंच्या हातातली काठी खाली आली होती. त्यांचे डोळे पत्रावळींवर. "दुसरी कोनाची?" त्यांनी विचारलं.

"राजाची."

"राजा त गेला."

"पन पोऱ्याच्या सनाले जोडीले जेवाले घालतेत, वैनी. दर साल मांडतो मी. येकट्या परधानले कसा जेवू घालू?"

मी सासूबाईंकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं, सांगता येत नाही. मग वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं ते बाहेर आलंच. "येवढा लाडाचा होता त बाहेरून काऊन चालवे त्याले? हर वळनावर बाहेरून. मिनं पाहिलं हाये या डोऱ्यानं, धुऱ्यावर बसून."

काकाजी बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल काहीतरी मोठं ऐकायला मिळेल. "म्हनून इकला तुमी त्याले?"

"म्हनून."

"बाजूच ते होती त्याची, वैनी. खोंड होता तवा दादानंच लावली होती. आतून जुपला त बसून जाये, उठेच नाही. परधान आतला, राजा बाहेरचा. मरेपर्यंत बैल आपली बाजू सोडत नाही." मग हळूच म्हणाले, "इचारलं असतं त सांगतलं असतं."

बस. एवढंच. एक प्रश्न विचारायचा राहिला म्हणून एक बैल बाजारात गेला, एक खुंट्यावर मेला आणि दोन घरं गल्लीच्या दोन बाजूंना वेगवेगळी जेवत राहिली. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, खरंच सांगते. अरे, तुम्हाला तोंडं नव्हती का? सासूबाई खाली बसल्या, चिखलाची पर्वा न करता, अंगणातच.

जमादारानं पान चाटून पुसून साफ केलं, घुंगरं वाजवत आला आणि त्यांच्या पावलावर डोकं ठेवलं. ह्या वेळी त्यांनी पाय मागे घेतला नाही. दोन्ही हातांनी त्याचा पिवळा खांदा धरला, त्यात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडल्या. काकाजी टोपी हातात घेऊन उभे. काय करावं ते त्यांना समजेना, मलाही समजेना.

रडून झाल्यावर त्या उठल्या, नाक पुसलं. कोनाड्यात कालची हळद-तुपाची वाटी होती. ती घेतली. खाली पडलेलं पळसाचं पान उचललं.

"तिकडे पाह्य," त्या काकाजींना म्हणाल्या.

"का झालं, वैनी?"

"पाठ कर म्हनलं."

काकाजींनी भीतभीत पाठ केली. सासूबाईंनी पान वाटीत बुडवलं आणि त्यांच्या बनियनवरून, खांद्यावर, हळद-तूप चोळायला लागल्या. आधी एक खांदा, मग दुसरा.

"आता बाप्पा, वैनी! मी का बैल हावो?"

"तुहा दादा गेल्यावर दोन्ही घरचं कोनं ओढलं?" त्या म्हणाल्या. चोळणं थांबलं नाही. मग त्यांच्या कानाशी वाकल्या, रीतीप्रमाणे. "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

काकाजींचे खांदे हलायला लागले. हसत होते की रडत होते, पाठमोरे होते म्हणून मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गल्लीतून पोरांचा गलका गेला, "खोकला घेऊन जाय गे मारबत, ताप घेऊन जाय गे मारबत!" पाठोपाठ चुन्नीलालच्या पिकअपचा हॉर्न आणि धुरपताबाई दारात. "आन वो ते कुत्रं. गाडी उभी हाये."

सासूबाई ओट्यावर, पदर खोचून. "मारबतीले जे न्यायचं ते नेऊ दे. माहा कुत्रा कोठी जाऊन नाही रायला. त्याच्याकडे पाव्हने येनार आहेत आज."

"पन ते करनी?"

"करनी करनाऱ्याले मी जेवाले बोलावलं हाये," म्हणाल्या आणि आत निघून आल्या. धुरपताबाईचं तोंड उघडं ते बराच वेळ उघडंच होतं. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत तळ्यावर, बोडीच्या घाटावर, कोणत्या रूपात पोचली असेल, देव जाणे.

दुपारी काकाजी आले. उंबऱ्यापाशी थांबले, पाय आत टाकू की नको. जमादारानं पुढे होऊन त्यांच्यावर एकदा भुंकून घेतलं. चौकशी केल्याशिवाय आत सोडायचं नाही, मग ओळखीचा का असेना. आणि मग त्यांच्याभोवती असा नाचला की त्यांची टोपी पडली. आम्ही चौघं ओसरीत बसलो, पाचवा मध्ये. सासूबाईंनी स्वतः वाढलं. काकाजी पानाकडे बघत थांबले तर म्हणाल्या, "खा. विख नाही घातलं." आणि त्यांच्या पानातला एक घास उचलून आधी आपल्या तोंडात टाकला. माझ्या हातातला पेला निसटता निसटता राहिला.

पण स्वभाव कुठं जातो? जेवणं झाल्यावर जमादाराच्या मानेवर हात फिरवत त्याला खडसावत होत्याच. "दोन घरं, दोन नावं. आन मले कानोकान खबर नाही! कुत्र्याचाही भरवसा नाही रायला आता." तो जीभ काढून हसत होता. "आन ईश्वर, तूप गाईचंच हाये ना? का डालड्याचं चारून रायला माह्या कुत्र्याले?"

काकाजी जायला निघाले तेव्हा जमादारही उठला. गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा आमच्या दाराकडे. शेपटी हलतेय, पण पाऊल पुढे पडत नाही.

सासूबाईंनी दारातून हात हलवला. "जाय, पोचवून ये त्याले," म्हणाल्या. "आन बाहेरच्या अंगानं चालजो."